थिबा राजाचं उशिराचं घर

थिबा राजा रत्नागिरीत उतरला १८८६ च्या एप्रिलात. त्याच्या नावाचा राजवाडा राहण्याजोगा झाला १९१० च्या नोव्हेंबरात. मधली चोवीस वर्षं तो कुठे राहिला, हे राजवाडा पाहायला आलेला पाहुणा सहसा विचारत नाही. तो आवारातून फिरतो, संग्रहालयातल्या मूर्ती पाहतो, भाट्याच्या खाडीचे फोटो काढतो आणि उन्हं कलली की थिबा पॉइंटवर सूर्यास्ताला जातो. ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदेत होता आणि हा त्याचा महाल, एवढं त्याच्या पदरी पडतं. आम्हा रत्नागिरीकरांच्या पदरीही त्याहून फार जास्त असतं असं नाही.

माझा जन्म गवंड्याच्या घरातला. वडील चिऱ्याचं काम करत, पुढे मीही उमेदीची सगळी वर्षं घरबांधणीतच घातली. त्यामुळे जुनं घर दिसलं की माल कुठला, पैसा कुणाचा, मर्जी कुणाची आणि शेवटी तिथे राहिलं कोण, हेच आधी मनात येतं. थिबा राजवाड्याला हे प्रश्न विचारले की त्याची देखणी दर्शनी बाजू जरा बाजूला सरते आणि मागची माणसं दिसू लागतात.

मालापासून सुरुवात करतो. भिंती आपल्या जांभ्या दगडाच्या आणि लाकूड ब्रह्मदेशी सागवान. हे सागवान साधं नव्हे. याच लाकडावरून थिबाचं राज्य गेलं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली मुंबईत उभी राहिलेली, वॉलेस बंधूंची कंपनी. वरच्या ब्रह्मदेशातली जंगलं तोडण्याचा मक्ता तिने राजाकडून घेतला होता. तिथली तोडीची रीत अशी, की उभ्या झाडाची साल खोडाभोवती गोल सोलायची आणि ते झाड दोन-तीन वर्षं जागेवरच वाळू द्यायचं. ओलं सागवान पाण्यात बुडतं, वाळलेलं तरंगतं. मग ते पाडायचं, हत्तींनी ओढ्यापर्यंत ओढून न्यायचं, आणि पावसाळ्याच्या पुरावर ओंडके सोडून द्यायचे ते थेट रंगूनच्या वखारींपर्यंत. राजाला पैसे मिळायचे ते ओंडक्यांच्या मोजणीवर. ओंडके नेले जास्त आणि दाखवले कमी, असा आरोप ठेवून राजाच्या दरबारानं १८८५ साली कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. राजधानीत, मंडालेत, फ्रेंचांची ये-जा वाढलेली इंग्रजांना खुपत होतीच. त्यांना निमित्त हवं होतं, ते मिळालं.

लढाई कसली, पंधरा दिवसांचा मामला. नोव्हेंबरच्या मध्याला इंग्रजांच्या बोटी इरावती नदीतून वर सरकल्या आणि महिना संपायच्या आत थिबा शरण आला. वय अवघं सव्वीस. त्याला, राणी सुपायालतला आणि लहानग्या मुलींना बैलगाडीतून नदीकाठी नेलं आणि बोटीत बसवलं. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश खालसा झाल्याचं व्हाइसरॉय डफरिननं जाहीर केलं. थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ चा. सत्ताविसाव्या वाढदिवसाला त्याचं राज्य कागदावरूनही गेलं. डफरिनला पुढे जो किताब मिळाला, त्यात ब्रह्मी राजांच्या जुन्या राजधानीचं, आव्याचं, नाव जोडलेलं आहे.

आधी मद्रास, आणि तिथून चार महिन्यांत रत्नागिरी. रत्नागिरीच का, याचं उत्तर नकाशात आहे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही. (ती यायला पुढे शंभरावर वर्षं लागली.) मुंबईशी दळणवळण आगबोटीचं. बोट बंदरापासून लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. ज्येष्ठात समुद्र खवळला की तेही बंद, ते नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा सुरू. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने हे गाव आपसूकच कुलूपबंद होई. शिवाय इथे ब्रह्मी भाषा समजणारं कुणी नाही, राजाला ओळखणारं कुणी नाही, त्याच्या नावानं उठाव करील असंही कुणी नाही.

हरलेल्या राजाला समुद्रापार न्यायचं, ही इंग्रजांची ठरलेली चाल होती. नेपोलियनला त्यांनी सेंट हेलेनावर ठेवलं. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या अशांतींच्या राजाला, प्रेम्पेला, सेशेल्स बेटांवर नेलं. आणि दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ साली नेलं ते रंगूनला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. थिबाच्या आधी चोवीस वर्षं, १८६२ साली, जफर रंगूनला वारला होता. ही अदलाबदल कुणी मुद्दाम घडवली नसेल. पण ज्यांच्या फायलींत हे दोघं होते, त्यांच्या लेखी दोघांची किंमत सारखीच होती.

आता ती चोवीस वर्षं. राजाला उतरवलं ते साहेबांच्या बंगल्यांत. एकाला औट्रमचं नाव होतं, दुसऱ्याला बेकरचं. तेव्हाच्या सगळ्या साहेबी बंगल्यांसारखे तेही एका अंमलदाराच्या कुटुंबापुरते. तिथे राजा, दोन राण्या (धाकटी सुपायागले ही थोरलीचीच सख्खी बहीण), चार मुली, दासदासी आणि पहारा. तिसरी मुलगी मद्रासच्या मुक्कामात झालेली. चौथी रत्नागिरीतच, एप्रिल १८८७ मध्ये जन्मली. मंडालेचा दरबार चारही जणींपैकी कुणालाच नीटसा आठवण्यासारखा नव्हता. थोरली निघाली तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. या मुली आमच्या लाल मातीत, आमच्या पावसात, नोकरमाणसांची मराठी कानांवर घेत वाढल्या आणि मराठी बोलू लागल्या.

राजावर देखरेखीला सरकारी अंमलदार असे. बाहेर जायचं तर त्याला कळवून, कुणाला भेटायचं तर त्याच्या परवानगीनं, पत्र लिहायचं तर त्याच्या हातून. तनखा होता, पण तो वाढवून मागायचा तर वर्षानुवर्षं अर्ज करत बसायचं. पैसा कमी पडू लागला तसे दागिने बाहेर निघाले. मंडालेहून निघताना घाईत जे काही बरोबर आणता आलं होतं, ते एकेक करून गावच्या सराफ-सावकारांकडे जाऊ लागलं. बाकीचं मंडालेतच राहिलं होतं. त्यातल्या न्गा मौक नावाच्या प्रसिद्ध माणकाबद्दल राजा शेवटपर्यंत सांगत राहिला की, शरणागतीच्या वेळी ते सांभाळायला म्हणून कर्नल स्लेडननं घेतलं आणि परत दिलं नाही. थेट इंग्लंडच्या बादशहापर्यंत त्यानं दाद मागितली. माणिक काही मिळालं नाही.

या काळाबद्दल लिहिणारे बहुतेकजण राजाच्या उधळपट्टीवर घसरतात. हिशेब त्याला ठेवता येत नव्हता, हे खरंच. पण विसाव्या वर्षाच्या आत गादीवर बसलेल्या, हातात नाणं धरायची कधी वेळच न आलेल्या माणसाला आपण बाजारहाटाच्या फुटपट्टीनं मोजावं, हे मला पटत नाही. गादीवर येताना त्याच्या भावंडांची जी कत्तल झाली, तीही मी विसरत नाही. तिचा डाग त्याच्या नावावर आहेच आणि तो पुसायचं काही कारण नाही. पण रत्नागिरीत त्याला जी शिक्षा झाली, ती त्या कत्तलीबद्दल झाली नव्हती. ती झाली होती ओंडक्यांच्या हिशेबावरून.

वाढत्या मुली, वाढता खर्च आणि त्याच त्या अपुऱ्या खोल्या, यांबद्दल अर्जांवर अर्ज झाले. अखेर विसावं शतक उजाडल्यावर सरकारनं घर बांधायचं मनावर घेतलं. जागा निवडली ती गावाच्या दक्षिणेची, खाडीवरची उंच सडाजमीन. नकाशात राजानं स्वतः लक्ष घातलं होतं, आणि ते बांधकामात दिसतं.

हा राजवाडा पाहायला जाल तेव्हा आधी खिडक्यांपाशी थांबा. वरच्या बाजूला अर्धगोल कमान, तिच्यात लाकडावर कोरलेली नाजूक नक्षी आणि मध्ये रंगीत काचा. सकाळच्या उन्हात त्या काचांचे लाल-निळे-हिरवे तुकडे आत फरशीवर पडतात. लाकडाच्या कडेवरून बोट फिरवा. शंभराहून जास्त पावसाळे झेललेलं ते लाकूड आहे, आणि आमच्या इथे पाऊस म्हणजे वर्षाला शंभर-सव्वाशे इंच, वर खारं वारं. तरी कोपरे बहुतेक जागी धारदार आहेत. सागवानाच्या अंगात तेल असतं, म्हणून वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि पाणी लवकर मुरत नाही. रंगूनच्या वखारीतून आलेल्या जुन्या, गच्च रेषेच्या लाकडाची तर बातच वेगळी. आज बाजारात मिळणारं लागवडीचं सागवान मी आयुष्यभर हाताळलं. त्याच्या रेषा बोट-बोट अंतरावर असतात. इथे त्या इतक्या जवळजवळ आहेत की मोजायच्या तर डोळे ताणावे लागतात. ते झाड थिबाच्या आजा-पणजाच्या काळी रुजलं असेल.

भिंतींचा चिरा मात्र इथलाच. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. हवा लागली की वर्षागणिक टणक होत जातो. त्याला भोकं असतात, ती पाणी पितात. म्हणून कोकणातलं चांगलं घर पाहायचं ते भिंतीत नव्हे, छपरात. पागोळी भिंतीपासून किती लांब पडते, यावर चिऱ्याचं आयुष्य. या वास्तूवर उतरती छपरं टप्प्याटप्प्यानं चढवलेली आहेत. वडील म्हणत, साहेबाला आपला पाऊस कळला होता. मला वाटतं, ही उतरंड साहेबाइतकीच राजाच्याही डोळ्यांत होती. ब्रह्मदेशातल्या लाकडी वाड्यांची आणि विहारांची छपरंही अशीच एकावर एक चढत जातात. बाकी घर साहेबी घाटाचं. मध्यभागी मोठं दालन, खाली संगमरवर, भोवती खोल्या, मागे आवार. मागच्या अंगाला राजानं बुद्धाची मूर्ती बसवली.

नोव्हेंबर १९१० मध्ये कुटुंब इथे राहायला आलं. आणि इथे मला नेहमी दुसरं एक घर आठवतं. रत्नागिरीच्या टिळक आळीतलं. २३ जुलै १८५६ रोजी तिथे लोकमान्य टिळक जन्मले. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना पाठवलं मंडालेला, थिबाच्याच जुन्या राजवाड्याला वेढणाऱ्या किल्ल्यातल्या तुरुंगात. त्या किल्ल्याला तोवर डफरिनचं नाव दिलेलं होतं. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक त्या लाकडी कोठडीत पेन्सिलीनं गीतारहस्य लिहीत होते, आणि त्याच हिवाळ्यात मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी नव्या घरात सामान लावत होता. दोघांची कधी गाठ पडली नाही. टिळक १९१४ साली सुटून परत आले. थिबाला सुटका नव्हती. त्याच्या शिक्षेला मुदतच घातलेली नव्हती.

या घरात राजाला मिळाली सहा वर्षं. धाकटी राणी १९१२ साली गेली. मुली तिशीत आल्या तरी त्यांची लग्नं होत नव्हती, कारण राजघराण्याला साजेसा मुलगा कोकणात कुठून आणायचा? दुसरीनं वाड्यातल्याच एका ब्रह्मी माणसाशी लग्न करायचं ठरवलं, आईबापांनी विरोध केला आणि ती घर सोडून निघाली. त्याच दिवसांत, डिसेंबर १९१६ मध्ये, राजाचं हृदय बंद पडलं. वय सत्तावन्न. दुसरी राजकन्या पुढे लग्न करून दार्जिलिंगकडे कालिंपाँगला गेली आणि उरलेलं आयुष्य तिकडेच राहिली.

राणी सुपायालतनं पतीचं दफन इथे करायला साफ नकार दिला. शव मंडालेला न्यायचं, हा तिचा हट्ट. ते ब्रह्मदेशात पोचलं तर लोक जमतील, ही सरकारची भीती. दोन वर्षांहून जास्त काळ राजाची शवपेटी राजवाड्याच्या आवारातच राहिली, धाकट्या राणीची तर त्याच्याही आधीपासून. अखेर मार्च १९१९ मध्ये सरकारनं दोघांना रत्नागिरीतच समाधी दिली, आणि मगच राणी आणि मुली मायदेशी जाऊ शकल्या. राणी १९२५ साली रंगूनला वारली. तिलाही मंडाले मिळालं नाही. तिची समाधी रंगूनमध्ये श्वेडागॉन पॅगोडाच्या परिसरात आहे, बहादूरशहाच्या कबरीपासून फार लांब नाही. रत्नागिरीत जन्मलेली चौथी मुलगी मात्र इंग्रजांना शेवटपर्यंत नडली. घराण्याचं गेलेलं परत द्या, असं ती उघड मागत राहिली. सरकारनं तिला रंगूनपासून दूर मोलमेनला धाडलं. ती १९३६ साली तिथेच वारली.

थोरली राजकन्या गेली, पण राहिली नाही. ती परत आली.

तिची हकीकत गावात कुजबुजत सांगितली जाई. माझ्या लहानपणीही मोठी माणसं तो विषय निघाला की आवाज उतरवत. राजाच्या पदरी गोपाळ भाऊराव सावंत म्हणून मराठा दरवान होता. त्याचं लग्न झालेलं होतं. राजकन्येचं मन त्याच्यावर बसलं आणि १९०६ साली त्यांना मुलगी झाली, टूटू. म्हणजे राजवाड्याचा पाया पडत होता त्या काळात ही मुलगी जन्मली. रंगूनला गेल्यावर थोरलीचा जीव तिथे रमला नाही. जिथे आपण पाचव्या वर्षी आलो, जिथली भाषा बोलायला शिकलो, जिथे आपलं माणूस आहे, तिथे ती लेकीला घेऊन परतली. राजवाडा आता तिचा नव्हता. ती साध्या घरात राहिली आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्या थोडं आधी, रत्नागिरीतच वारली.

टूटूला गाव बाईसू म्हणे. तिचं लग्न इथल्याच मराठी माणसाशी झालं, मुलंबाळं झाली. हयात काबाडकष्टांत गेली. थिबाची ही नात मराठीतच बोलली, मराठीतच भांडली आणि हसली, सणवार आमच्यासारखेच केले आणि २००० सालच्या ऑक्टोबरात वारली. त्याच साली अमिताव घोष यांची द ग्लास पॅलेस ही कादंबरी आली आणि थिबाचं रत्नागिरीतलं आयुष्य जगभर वाचलं गेलं. बाईसूला त्याचा काय उपयोग होता? तिच्या म्हातारपणी आपण तिची विचारपूस करू शकलो असतो. एक गाव म्हणून ते आपल्याकडून फारसं झालं नाही, आणि त्याचं मला दुःख आहे. आम्ही परदेशी राजाची गोष्ट पाहुण्यांना सांगत राहिलो आणि त्याची नात आमच्यातच राहत होती.

राजा गेल्यावर वास्तू सरकारच्या कामाला लागली. इथे साहेबांची वस्ती झाली, पुढे सरकारी तंत्रनिकेतनाचे वर्गही भरले. दालनांतून फळे आणि बाकं आली. यात मला कमीपणा वाटत नाही. वापरात असलेलं घर टिकतं, बंद पडलेलं कोसळतं. आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे वास्तू आहे आणि तिथे संग्रहालय आहे.

ती टिकणं का महत्त्वाचं, याला आणखी एक कारण आहे. मंडालेचा मूळ राजवाडा संपूर्ण सागवानी होता. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४५ मध्ये, तो जळून खाक झाला. आज तिथे दिसतो तो नंतर बांधलेला. त्यातली एकच मोठी इमारत वाचली, तीही थिबामुळेच. वडील मिंडॉन ज्या दालनात वारले, ते त्यानं राजवाड्यातून सोडवून बाहेर नेलं आणि भिक्षूंच्या विहारासाठी दिलं. श्वेनान्दॉ विहार तो हाच. म्हणजे थिबा ज्या छपराखाली प्रत्यक्ष राहिला, असं मोठं, त्याच्या काळचं घर शोधायचं, तर ब्रह्मी माणसालासुद्धा रत्नागिरीतच यावं लागतं. आणि ते येतात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन येऊन गेले. २०१६ साली राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा त्याचे वंशज शिवाजीनगरातल्या समाधीपाशी जमले.

राजाचे अवशेष मायदेशी न्यावेत, असं तिकडे अधूनमधून बोललं जातं, जसं बहादूरशहाबद्दल इकडे बोललं जातं. त्यावर निर्णय घ्यायचा हक्क त्या घराण्याचा आहे, आणि त्या घराण्यात बाईसूची रत्नागिरीतली माणसंही मोडतात. त्यांना विचारल्याशिवाय काही होऊ नये. राजवाड्याबद्दल मात्र बोलायला मलाही हरकत नसावी. खिडक्यांचं लाकूड दुरुस्त करायची वेळ येईल तेव्हा तिथे स्वस्तातलं नवं लाकूड रंगवून बसवू नये. जुन्या वाड्यांचं मोडकामात निघालेलं ब्रह्मी सागवान कोकणात अजून मिळतं, ते जपून ठेवावं. आणि संग्रहालयात राजा-राणीच्या माहितीशेजारी थोरल्या राजकन्येची, गोपाळ सावंतांची आणि टूटूची पूर्ण हकीकत मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावी.